सहा सत्तावीस

गोथेनबर्गच्या पुलाअलीकडे
टोरबियॉर्न गाडी बंद करून बसलाय.
कमानीवरचा कॅमेरा साडेसहाला डोळा मिटतो,
मग पलीकडे जाणं फुकट.

सार्वमताच्या आदल्या रात्री
बहिणीवर ओरडला होता:
रस्ता काय कुणाच्या बापाचा?
गुनवोर म्हणाली, तेच तर!
मग माझ्या खिडकीखाली रोज धूर कुणाचा?

आता तिची खिडकी उघडी असते.
पडदे महिनाभर पांढरे राहतात.
गुरुवारचं मटाराचं सूप मात्र
दोनदा गरम करावं लागतं.

सहा सत्तावीस.
कडेला रांग, दिवे मालवलेले,
कुणी हॉर्न वाजवत नाही.
एकजण सफरचंद खातोय.

फोन वाजतो: कुठे अडकलास रे?
तो आरशात गाड्या मोजतो.
अकरा.
ट्रॅफिक आहे गं, म्हणतो.