सुरगाठ

दर दुसऱ्या गुरुवारी
समुद्राखालच्या बोगद्यात गाडी घालते मी.
डोक्यावर पाणी, पाण्यावर बोटी,
आणि मागच्या सीटवर
घडी केलेला झोपाळा, मण्यांचा डबा,
वाळू भरलेलं जड जाकीट
आणि फळीवर खिळलेला एक बूट. डावा.

क्लाक्सविकच्या शाळेने मला दिलेली खोली
पूर्वी नकाशांची होती.
अजून कोपऱ्यात उभी आहे
गुंडाळून ठेवलेली आफ्रिका.

बार्दुर. वय सात वर्षं दोन महिने.
दूध सांडतो. स्वेटर उलटा घालतो.
रांगेत पुढच्याच्या अंगावर जातो.
पेन्सिल अशी आवळतो
की सोडली तर वाराच नेईल,
मग कागद फाटतो.
खाली बाईंचा शेरा:
हुशार आहे, पण मनावर घेत नाही.

मनावर.
मी म्हणते, बार्दुर, डोळे मीट.
आता तुझं नाक दाखव.
बोट निघतं, हवेत घुटमळतं,
कानाशी जाऊन चौकशी करतं,
आणि शेवटी पोचतं गालावर.
तो हसतो. हसताना डोळे उघडत नाही,
कारण मी अजून सांगितलेलं नाही.
इतकं मनावर घेणारं मूल
मी या बेटांवर क्वचित पाहिलंय.

त्याचा बाप, हानुस, दाराशी बसलेला.
सामनच्या कारखान्यातून तसाच आला होता,
गुडघ्यापर्यंत पांढरे रबरी बूट,
घोट्याजवळ एक खवला चिकटलेला.
मी अर्ज भरत होते.
जन्म? वेळेवर. रांगला? नाही, एकदम उभाच राहिला.
घरात आणखी कुणाला असं काही?
नाही, तो म्हणाला.

झोपाळा थांबला.
बार्दुर पालथा, हात लोंबते,
जमिनीवरचे मणी एकेक उचलून
बरणीत टाकत होता. बाराव्याला चुकला.

मग हानुस म्हणाला, बरणीकडे बघत:
माझा बाप जाळी विणायचा.
माझ्याकडे बघून म्हणायचा,
याला हात नाहीत, वल्ही आहेत.
थोड्या वेळाने:
लग्नात माझे बूट बायकोने बांधले.
गाडीत. कुणी बघायच्या आत.
आणि पाय जरा मागे ओढून घेतले त्याने,
ते रबरी, बिननाडीचे,
ज्यांत एकवीस वर्षं
कुणाला काही दिसलं नव्हतं.

माझ्या अर्जात उद्दिष्टाचा रकाना आहे:
बारा आठवड्यांत मूल स्वतःची नाडी स्वतः बांधेल.
नाव लिहायला जागा एकाचीच.

मी फळी दोघांच्या मध्ये ठेवली.
हा एक मेंढीचा कान.
हा दुसरा.
आता एकाला दुसऱ्याच्या गळ्याखालून काढायचा.
बार्दुरचा कान ओघळला.
हानुसचा तर झालाच नाही,
ती जाड बोटं, थंड पाण्याने सोललेली,
नाडीचं टोक शोधत राहिली.
बाबा, घाई नको, बार्दुर म्हणाला,
माझ्याच आवाजात.

हाताला वळण लावा, असं म्हणतात लोक,
जसं काही हात म्हणजे डोंगरातला रस्ता,
एकदा फोडला की झाला.
मी सतरा वर्षं हे काम करते.
मला वाटतं हात म्हणजे नवीन माणूस,
घरात आलेला,
ज्याला दिव्याचं बटण कुठाय ते अजून कळलेलं नाही.
तुम्ही ओरडलात तर तो अंधारातच बसतो.

फळी घरी नेऊ का, हानुसने विचारलं.
नियमात बसत नाही.
मी म्हटलं, ओली करू नका.

परवाच्या गुरुवारी ती परत आली.
बुटाला माशाचा वास,
आणि नाडीत सुरगाठीच्या जागी
अशी एक निरगाठ
की मुख्याध्यापकांना सुटेना,
मला सुटेना, सुताराच्या पक्कडीला दाद देईना.
कुणी मारली, दोघंही सांगत नव्हते.
एकमेकांकडे बघायचे आणि ओठ मिटायचे.

द्या इकडे, बार्दुर म्हणाला,
बाह्या वर सारत.
एक बाही वर गेली.
दुसरी तो अजून शोधतोय.
आम्ही तिघंही थांबलोय,
मी, त्याचा बाप, आणि कोपऱ्यातली आफ्रिका.