बोळे

दुपारी तीनलाच हाय स्ट्रीटवरच्या दुकानांनी
काचांवर प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या.
बेकरीवाली, चष्मेवाला, जुन्या घड्याळांचा तो तिरसट म्हातारा,
सगळे दातांत खिळे धरून शिडीवर.
काचांची केवढी काळजी या लुइस गावाला.

मी स्वयंपाकघरात मृण्मयीचा कान धरून उभा.
"बाबा, मी काही केलं नाहीये."
कान धरला की शिक्षा, हे तिला कुणी शिकवलं?
माझ्याच बोलण्यातून कधीतरी सांडलं असणार.
हलू नकोस, म्हणतो.
शेंदरी फोमचा बोळा बोटांत वळायचा,
समईची वात वळतात तसा, बारीक, घट्ट.
दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा,
बोळा आत सरकवायचा
आणि तो फुगेपर्यंत बोट काढायचं नाही.
वीस मोज.
ती मोजते. बाराच्या पुढे तिचाच आवाज तिला
माठात तोंड घातल्यासारखा येऊ लागतो,
आणि ती कुजबुजायला लागते.

हे मला शेजारच्या एकहर्स्टनी दाखवलं.
चाळीस वर्षं त्यांनी खडूच्या खाणीत सुरुंग लावले,
आणि दर पाच नोव्हेंबरला
डांबराची जळती पिंपं ओढली उतारावरून.
"डाव्या कानात किटली आहे," ते सांगतात,
"चौऱ्याहत्तर सालापासून उकळतेय,
कुणी उतरवतच नाही."
आणि हसतात. डॉरीन हसत नाही.
'चहा झालाय' एवढं साधं वाक्य
तीस वर्षं ती भांडल्यासारखं बोलतेय.

माझं म्हणाल तर सांगली, इयत्ता सातवी.
पत्र्याच्या डब्याखाली सुतळी बॉम्ब,
आणि वात पेटलीय की विझली
ते बघायला वाकलेला मी.
कानात बोटं घालील तो भित्रा, असा नियम होता.
आमच्यात भित्रं कुणी नव्हतं.
मग तीन दिवस सगळं घर
बंद दाराच्या पलीकडून बोलत होतं.
चौथ्या दिवशी आवाज परत आले, थोडे कमी.
किती कमी, हे मोजायचं कुणाला सुचलं नाही.
तेव्हापासून मी माणसांच्या उजवीकडून चालतो,
आणि न कळलेल्या वाक्यांना 'हो ना' म्हणतो.
बऱ्याच लोकांना मी समंजस वाटतो.

रात्री मशाली आल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सी, ढोल.
पावलांमागे फेकलेले फटाके असे फुटत होते
की आवाज आधी छातीत, मग कानात.
आम्ही लांब, चर्चच्या भिंतीआड.
लांब उभं राहणं हा फुकटचा बोळा,
हेसुद्धा एकहर्स्टांचंच.
गर्दीतून टिली धावत आली, मृण्मयीच्या वर्गातली,
तळहात कानांवर, डोळ्यांत पाणी, तरी हसत.
मृण्मयीनं खिशातून दुसरी जोडी काढली,
वळली,
टिलीचा कान वर ओढला
आणि तिच्यासमोर वीस बोटं दाखवली,
दहा, आणि पुन्हा दहा.

परतताना नदीच्या पुलावर बोळे काढले.
हवेत दारूचा वास, पाण्यावर धूर.
ती दिव्याच्या खांबाखाली थांबली.
"ऐक."
मी ऐकलं. दूरची एक गाडी. पाणी.
आणि ती माझी जुनी बारीक शीळ, जी बाहेरची नाही.
"रॉबिन! एवढ्या रात्री गातोय, वेडा."
"हो ना," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.
मग हातांनी सांगायला लागली,
कुणीतरी जिन्यावरून साखर सांडतंय, बाबा,
मध्येच थांबतंय,
आता एकच दाणा,
आता परत मूठभर.

मी तिच्या उजवीकडे उभा होतो,
चांगला कान तिच्या बाजूला करून.