अर्धा मासा

ब्रॅडफर्ड, नोव्हेंबर. हातात कौन्सिलचा फॉर्म,
खिशात थर्मामीटर.
तक्रार अशी: या दुकानातले चॉकलेटचे मासे
एका बाजूने सपाट. गिऱ्हाइकाला अर्धाच माल.

लेओकादियाबाई संगमरवरावर
चॉकलेट पसरत होत्या, गोळा करत होत्या, पुन्हा पसरत होत्या,
सारवणाऱ्या बाईच्या मनगटाने.
किती डिग्री? मी विचारलं.
त्यांनी बोटावरचा थेंब खालच्या ओठाला लावला.
"गार लागलं की झालं."
माझा पारा म्हणाला, एकतीस.
एकतीस लिहिलं. ओठासाठी रकाना नव्हता.

मग साचा मागितला.
पत्र्याचं एक अर्धुक, कल्हई उडालेलं:
खवले, कल्ला, एक डोळा.
याचा जोडीदार?

आजोबा सेवेरिन यांचं दुकान ल्वूफला.
तिथला मासा दोन्ही अंगांनी फुगीर,
पोटात आलुबुखाऱ्याचा मुरंबा, नाताळात दारात रांग.
चाळीसचा फेब्रुवारी. सैनिकांनी अर्धा तास दिला.
आईने उशीच्या अभ्र्यात कोंबलं
पीठ, कात्री, साचा.
फोटो राहिले. त्यावरून ती पुढे कितीदा रडली.
उजवी बाजू उरलच्या अलीकडे
कुठल्याशा स्टेशनावर पावासाठी गेली.
"घेणाऱ्याला माशाचा साचा कशाला हवा होता?
दयाच आली असेल बिचाऱ्याला."

पुढचं त्या भराभर सांगत गेल्या,
इराण, कराची, आणि मग
"वळिवडे" म्हणाल्या. ळ सकट.

माझं पेन थांबलं.
माझं माहेर रुकडी. शेजारचंच स्टेशन.

छावणीबाहेर गुऱ्हाळ होतं. आईने साचा पुढे केला,
गुळव्याने हसत डावभर ओतला.
निघाला तो पिवळाधमक, एका डोळ्याचा,
आणि नऊ वर्षांच्या मुलीची जीभ भाजली.
"आमच्या घराण्याचा कोको
त्या वर्षी उसाचा होता."

मग हे गाव. वडील लोकरीच्या गिरणीत रात्रपाळीला,
आई तळघरात, साखरेची कुपनं साठवत.

दुसरी बाजू करून घ्यायची होती की!
घेतली होती, साठ साली, शेफील्डहून.
खवले जुळले, डोळे जुळेनात.
दोघं रुसून दोन दिशांना बघावीत तसा मासा.
पोरं घाबरली.
ती बाजू अजून आहे. दार उघडं राहायला
खाली सारतात.

बोलता बोलता त्या डबा भरत होत्या:
येक, दोन, तीन, च्यार…
दहापर्यंत पंचगंगेकाठचे आकडे,
अकरापासून पोलिश.
मी विचारलं नाही. दहाच शिकून झाले असतील
जहाज येईपर्यंत.

शेरा: वजन बरोबर. स्वच्छता उत्तम.
सपाट बाजू ही मालाची खोट नव्हे.

इन्स्पेक्टरला भेट घेता येत नाही.
एक पौंड वीस मोजले, पावती मागितली.
त्यांनी चष्मा लावून
सावकाश लिहिलं:
मासा, एक.