घर पाण्यावर असताना

पिंचर्स टिकलला गाव सोडायचं मतदान झालं
तेव्हा माझा हात खालीच राहिला.
सतरा घरं, सोळा हात.
सरकारी माणसाने वहीत माझ्यापुढे फुली मारली, म्हणाला,
केझाया बाई, पुढच्या हिवाळ्यात टपालाची बोट नाही,
मास्तर नाही, डॉक्टर नाही.
देव असेल ना, मी म्हटलं.
तो वही मिटून चहा प्यायला.

त्या रात्री प्रार्थना केली. खरं सांगायचं तर भांडले.
खूण दे, म्हटलं. एक तरी.
कॉड सुकवायच्या माचीवर दे, किटलीच्या वाफेत दे,
मी कुठलीही चालवून घेईन.
अख्खा ऑगस्ट गेला.
आली ती तेलाची रिकामी पिंपं. अठ्ठेचाळीस.
माझ्या सेल्बीने ती एकेक करून
घराच्या पोटाखाली बांधली
आणि आम्ही मोठ्या भरतीची वाट पाहत बसलो.

घर उचललं गेलं.
मला वाटलं होतं, ओरडेल.
नुसतं सुस्कारलं,
बसलेली म्हातारी गाय उठताना सुस्कारते तसं.
मागे राहिला एक फिकट चौकोन,
एकतीस वर्षं ऊन न पाहिलेल्या मातीचा.

मी आतच बसले.
सगळे नको म्हणत होते, पण भट्टीत पाव होता,
आणि पाव अर्धा फुगलेला असताना
कोणती बाई घर सोडते?

माझी खिडकी मागच्या अंगाला.
ओढणाऱ्या होड्या भिंतीपलीकडे, दोर भिंतीपलीकडे.
मला दिसत होतं ते फक्त सुटत चाललेलं:
घंटा काढून नेलेलं देऊळ,
कुंपणाच्या पांढऱ्या काठ्या,
त्यांच्या आत गार्लंड, आणि त्याच्या कुशीला
चार वर्षांची लव्हिनिया.
तिला पिंपं बांधता येत नाहीत.
मग धुकं आलं आणि तेही पुसलं.

आता काहीच दिसेना.
पण जोडे काढले होते मी, आणि तळपायांना कळत होतं:
फळ्यांमधून येणारी ओढ,
सारखी, एकाच दिशेची, न बोलणारी.

भर खाडीत ती थांबली.
इंजिनं गप्प. पाणी गप्प.
घर स्वतःभोवती हळूच वळू लागलं
आणि फडताळातली एक बशी दुसरीला लागून किणकिणली.
सेल्बी, मी हाक मारली.
धुक्याने हाक गिळली.
तेव्हा ना भांडण सुचलं, ना खूण मागायचं.
मी नुसता भट्टीचा दरवाजा उघडला,
पावावर बोट टेकवलं,
म्हटलं, तुझ्या हातात आहे, पण वरून करपतोय.

कितीतरी वेळाने
तळपायाखाली दोर पुन्हा ताणला गेला.

पंख्यात शेवाळ अडकलं होतं म्हणे.
पुढे पोरं हसत होती, बिस्किटं खात होती,
आणि इकडे मी
देवाने सोडून दिलेली बाई होऊन बसले होते.
पाद्री पिटमननी ही गोष्ट प्रवचनात घेतली,
शेवाळ मात्र गाळलं.

नव्या गावी घर टेकलं ते जरा वाकडंच.
टेबलावर अंडं ठेवलं तर रस्त्याकडे घरंगळतं,
चहा कपात तिरका उभा राहतो.
रविवारी कोणाचं बाक कुठलं ते कळत नाही;
मी दोनदा कोणाच्या तरी मेलेल्या आजीच्या जागी बसले.
दार उघडलं की समुद्र नाही, खडी आहे.
सेल्बी म्हणतो, वसंतात पाचर मारून सरळ करू.
करेल. घाई नाही.

लव्हिनियाचं उत्तर अजून आलेलं नाही.
मी विचारायचं सोडलेलंही नाही.
पण रात्री दिवा मालवून
थंड फळ्यांवर अनवाणी उभी राहते क्षणभर.
घर आता खडकावर आहे, पिंपं कधीच विकली,
तरी तळपायांना ती लागते,
भिंतीपलीकडून येणारी,
माझी पाठ तिच्याकडे असतानाही चालू असलेली
ओढ.