साडेतीन बोटं

पिकअपच्या डाव्या दारावर, आरशाच्या थोडं खाली,
साडेतीन बोटांचा काळा ठसा आहे.
ऑइलचा. पुसायला गेलं की पसरतो,
म्हणून ठेवलाय, असं मी बायकोला सांगतो.

घडलं ते सातपूरला, पपया नर्सरीच्या अलीकडे.
सकाळचे पावणेसात. मागे द्राक्षांचे दीडशे क्रेट,
दिंडोरीहून भरलेले,
ऊन चढायच्या आत विल्होळीला कोल्ड स्टोरेजमध्ये टाकायचे.
पुढे सायकल. कॅरियरला डबा, डब्याला सुतळी.
पांढऱ्या पट्टीच्या आतून चाललेली,
म्हणजे माझ्या रस्त्यावरून.
पट्टीच्या पलीकडे काय आहे
ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

एक हॉर्न दिला.
दुसरा लांब दिला, गुरांना देतात तसा.
तिसऱ्याची वाट बघितली नाही, गाडी घातली.
वीतभर अंतर असेल. वीत तरी असेल का?
दारावर थाप पडली,
पाण्यात पडलेला माणूस काठ धरायला हात मारतो तशी.

सिग्नलला तो शेजारी आला. तोंडाला रुमाल.
"रस्ता तुझ्या बापाचा आहे का?"
मी म्हणालो, "टॅक्स भरतो मी. तू काय भरतो, हवा?"
मागचे रिक्षावाले हसले.
मलाही माझं बोलणं आवडलं.
दिवसभरात तिघांना सांगितलं.

रविवारी गंगापूर धरणाकडे जातात तेही सायकलवालेच.
चकचकीत हेल्मेट, मागे लुकलुकता लाल दिवा,
माझ्या गाडीच्या सात-आठ हप्त्यांएवढी एकेक सायकल.
त्यांना मी अख्खी लेन सोडतो, हॉर्नसुद्धा देत नाही.
त्यातला एखादा कुठला साहेब निघाला तर?
हे आता कळलं असं नाही.
तेव्हाही माहीत होतं.

ठसा मोजला तो रात्री, गाडी धुताना.
करंगळी, अनामिका, तर्जनी पूर्ण.
मधलं बोट पेराशी संपलेलं.
प्रेसवर काम करणाऱ्यांची असतात अशी.
माझ्या साडूचं आहे.
आपल्यात साडेतीन शुभ.
मुहूर्त साडेतीन, पीठं साडेतीन,
त्यातलं अर्धं आमच्या वणीच्या गडावर,
आणि पायऱ्या चढून गेल्यावर
त्या अर्ध्याला आपण नमस्कार पूर्णच करतो.

मग मी त्याला शोधायला लागलो.
भांडायला, असं आधी वाटलं.
पाळी सुटायच्या वेळी गेटसमोर गाडी लावून
हँडलवरची बोटं बघत बसायचो.
बघा कधीतरी तुम्ही.
इतकी अर्धी बोटं एका रस्त्यावरून घरी जातात,
आणि ब्रेक त्याच बोटांनी दाबायचा असतो.

मध्येच क्लच प्लेट गेली, गाडी गॅरेजला.
पोरीची सायकल काढली, जांभळी, पुढे टोपली.
पपया नर्सरीच्या अलीकडे मी शहाण्यासारखा
पट्टीच्या बाहेर गेलो.
तिथे डांबर संपतं. हातभर खाली खडी,
मग झाकण नसलेलं चेंबर,
त्यात कुणीतरी बाभळीची फांदी खोचलेली,
फांदीला लाल फडकं.
मी पट्टीच्या आत आलो.
मागून हॉर्न.
दुसरा, लांब.

काल तो दिसला. खात्री नाही, रुमाल तोच वाटला.
गाडी हळू केली, काच खाली घेतली.
काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.
म्हणालो, "पुढे चेंबर उघडं आहे."
"दोन वर्षं झाली," तो म्हणाला,
आणि माझ्या दारापासून लांब सरकला,
म्हणजे चेंबरकडे.