कटिंग

देवरे सरांनी रविवार कारंज्यापाशी
माझ्या दुकानात पुस्तक आणून टाकलं.
पाठ मोडलेली, नकाशा घडीवर फाटका.
रुसिन म्हणे. कुठल्याशा डोंगरातली माणसं.
शंभर वर्षं पंडित भांडतायत,
भाषा, की नुसती बोली?

"कटिंग जपून. तळटिपांना धक्का नको."

खळ लावता लावता पाहिलं,
नकाशात तुटक रेघ, खिंडीतून गेलेली.
अलीकडे एक शब्द,
पलीकडे दुसरा.

आमची भावडबारी.
उतरलं की 'आहे'चं 'शे' होतं.
नाशकात आलो त्या साली
मीच ते कापलं, कडेकडेनं,
सरळ दिसावं म्हणून.

शनिवारी सर आले. "झालं का?"
"तयार शे, सर."

ते पैसे मोजायचे थांबले.