एसीचं पाणी

सोहारला रात्रभर एसी थेंब थेंब गळतो.
नळीखाली मी बादली ठेवते.
पहाटेपर्यंत भरते. बिनमिठाचं पाणी,
या किनाऱ्यावर फुकट मिळणारं बहुधा एवढंच.
ते गॅलरीतल्या डब्यांना घालते:
तेलाच्या तीन डब्यांत अळू, एकात कढीलिंब,
आणि रंगाच्या फुटक्या बादलीत एक कोय,
जी रुजली, वीतभर वाढली,
आणि चार वर्षं तेवढीच उभी आहे
व्हिसाची वाट बघत असल्यासारखी.

मुनाफनं नकाशा काढला तेव्हा हमजा पोटात होता.
फरशीच्या खोक्याचा पुठ्ठा, सुताराची चपटी पेन्सिल.
खाडीच्या वरच्या अंगाला बारा गुंठे.
इथे दोन खोल्या. पडवी पश्चिमेला नको, ऊन मारतं.
इथे शेळ्या.
"किती?"
"पाच." जरा थांबून, "सहा. एक तुझी."
विहिरीला त्यानं नुसता गोल काढला
आणि आत भरायला निळं पेन शोधत बसला.
सापडलं नाही.

जमीन रज्जाकच्या नावावर घेतली.
परदेशातल्या माणसाला शेतजमिनीची अडचण,
आणि भाऊ काय परका?
सातबारा फोनवर आला. आम्ही तो बोटांनी मोठा करकरून वाचला,
पोटखराबा किती तेसुद्धा.

मग शेळ्या जुलेखाच्या लग्नात गेल्या.
मांडवात नाही, पुठ्ठ्यावरच.
पडवी अब्बांच्या गुडघ्यांत बसली, अजून चालते आहे, अल्हमदुलिल्लाह.
एक्स्चेंजच्या काउंटरवरचा मलबारी
मुनाफला बघूनच फॉर्म पुढे सरकवायचा.
"घरीच?"
"घरीच."
दिल्याचं दुःख नाही मला. माझ्या भावाच्या बोटीचं इंजिन
याच माणसानं घेऊन दिलंय, मी न मागता.
पण एकदा भांडले.
म्हटलं, आपलं आणि त्यांचं, यांच्यामध्ये
एखादी रेघ आहे की नाही?
म्हणाला, असेल. मला काढता येत नाही.
दिवसभर दोरी लावून फरशा बसवतो हा माणूस,
सुतभर फरक त्याला झोपू देत नाही.

गेल्या रमजानात तहुराची किडनी बिघडली.
रज्जाकची पोरगी, नऊ वर्षांची.
आठवड्यातून दोनदा चिपळूण.
त्यानं पैसे मागितले नाहीत. तिथेच मला कळायला हवं होतं.
ईदच्या दुसऱ्या दिवशी फोटो आला.
आमचे बारा गुंठे, मधोमध खाण,
जांभा कापून नेलेला, भिंती पायऱ्यापायऱ्यांच्या,
आणि तळाला हिरवं पाणी.
मागोमाग आवाज: "भाई, तुला किती वेळा हात पसरायचे,
म्हणून चिरेवाल्याला दिली जागा.
विहीर पाहिजे होती ना तुला… झाली बघ."
पुढे तो हसला की रडला,
रेकॉर्डिंग तिथेच तुटलं होतं.

मी मुनाफच्या तोंडाकडे बघत राहिले.
तो फोटो मोठा करत होता, सातबारा केला होता तसा.
"चिरा चांगला निघालाय," म्हणाला. "धार बघ कशी आहे."
मग फोन लावला. जमिनीचं नाव नाही.
"तहुरा जेवते का?"
पलीकडे खूप वेळ कोणी बोललं नाही.
"भात मागते," रज्जाक म्हणाला. "डॉक्टर मोजून देतात."

रात्री मुनाफनं कपाटावरून पुठ्ठा काढला.
कडा कसरीनं खाल्लेल्या.
गोलाचा त्यानं चौकोन केला, खाणीसारखा, मोठा,
दोन खोल्यांपैकी एक त्यात बुडाली.
"शेळीला पोहता येतं?" मला विचारलं.
"कड कोसळली तर कोणालाच नाही येत."
"मग कुंपण लागेल."
चौकोनाभोवती तो बारीक खांब काढत गेला,
समान अंतरावर, जीभ दातात धरून.
एकेचाळीस झाले.
"एका खांबाला किती पडतील?" मी विचारलं,
आणि त्यानं हिशेब मांडायच्या आत उठले.
गॅलरीत बादली भरून वाहत होती.